मुलीच्या समर कॅम्पला आईबाबांनी व्हॉलंटियर व्हावं का? आमचा अनुभव

बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) गर्ल स्काउट्स या मुलींच्या संघटनेचे जे पालकांनीच चालवलेले डे कॅम्प असतात, त्यातल्या एकाला यंदा लेकीला घातलं आणि मी पण व्हॉलंटियर झाले. जानेवारीत फॉर्म भरला, जुलैत कॅम्प झाला, आता ऑक्टोबर संपत आलाय, म्हणजे उत्साह पण ओसरलाय आणि चिडचिड पण, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

पहिली गोष्ट, पैसे भरले, मूल सोडलं, तीनला उचललं असला हा प्रकार नाहीये. पगारी माणसं जवळजवळ नाहीतच, डायरेक्टर पण कुणाचीतरी आईच, दिवसा ऑफिस करून रात्री अकराला ईमेल पाठवणारी. म्हणून तर फी खाजगी कॅम्पपेक्षा बरीच कमी आणि आठवडाभर काम केलं तर वर सूट. पण पैसे वाचले का असं विचाराल तर नोकरी करणाऱ्या बाईचा पीटीओचा, म्हणजे भरपगारी रजेचा, आख्खा आठवडा जातो, तो धरला तर काही वाचत नाही. फीतल्या सवलतीसाठी करत असाल तर नका करू.

कागदपत्रं भरपूर. कॅलिफोर्नियात २०२२ पासून एबी ५०६ नावाचा कायदा आहे, मुलांसोबत महिन्याला १६ किंवा वर्षाला ३२ तासांपेक्षा जास्त काम करणाऱ्या मोठ्या व्हॉलंटियरने लाइव्ह स्कॅनला जाऊन बोटांचे ठसे द्यायचे, आणि मुलांवरचा अत्याचार कसा ओळखायचा, कुठे कळवायचा याचं ऑनलाइन ट्रेनिंग करायचं. कॅम्प आणि आधीची तयारी मिळून ३२ तास कधी होतात कळत पण नाही. नवरा म्हणाला मी काय चोर आहे का, पण माझ्या मुलीबरोबर दिवसभर जंगलात जो कोणी असेल त्याचेही ठसे घेतलेत हे कळल्यावर मला तरी बरंच वाटलं. शिवाय एकटं मोठं माणूस आणि एकटी मुलगी असं कुठेही चालत नाही, बाथरूमला जायचं तरी मुलींनी बडी, म्हणजे जोडीदार मुलगी, घेऊन जायचं.

आता मुख्य सांगते. स्वतःच्या मुलीच्या युनिटमध्ये, म्हणजे तिच्या गटात, काम मागू नका! आमच्याकडे एक आई होती तशी, सोमवारी तिची लेक जी कमरेला चिकटली ती सोडेचना, बाकीच्या मुली खेळतायत आणि ही आईच्या मांडीवर, बुधवारी आईला क्राफ्टच्या टेबलावर हलवलं तर दुपारपर्यंत तीच पोरगी सगळ्यांच्या पुढे. माझी लेक ब्राउनी, म्हणजे दुसरी-तिसरीच्या गटातली, मी डेझींमध्ये होते. (डेझी म्हणजे के (किंडरगार्टन) आणि पहिलीच्या चिमण्या. १९१२ मध्ये ज्यांनी हे सुरू केलं त्या ज्युलिएट गॉर्डन लो यांना घरात डेझी म्हणायचे, त्यावरून.) लेक दिवसातून एकदा लांबून हात करायची, बास. घरी येऊन मग मलाच सांगायची कॅम्पमध्ये काय काय झालं ते, जणू मी तिथे नव्हतेच.

आणि दुसरं म्हणजे तिथे मोठ्यांचं काम बहुतेक वेळ गप्प बसणं हे असतं. खरं युनिट चालवतात त्या प्रोग्राम एड, म्हणजे मिडल स्कूलच्या पोरी, ट्रेनिंग घेतलेल्या. गाणं त्या शिकवणार, भांडण त्या सोडवणार, केपर चार्टवर, म्हणजे कामांच्या पाळ्यांच्या तक्त्यावर, आज पाणी कोणाचं, झाडू कोणाचा ते त्याच वाचून दाखवणार. समोर पाच वर्षांची मुलगी बुटाची नाडी बांधत बसलीये, सगळे थांबलेत, आणि आपण मराठी आया, आपला हात आपोआप पुढे जातो, तेवढ्यात ती तेरा वर्षांची एड शांतपणे म्हणते, तिला जमेल, थांबूया. दिवसातून दहा वेळा हे! बाहेरून दिसताना यात काही कष्ट नाहीत असं वाटतं, पण पाण्याचे जड कूलर उचलण्यापेक्षा हे अवघड आहे.

सगळ्यांना कॅम्पचं एक टोपणनाव घ्यावं लागतं. माझं मोगरा, डेझींनी त्याचं मोग्रू केलं, अजून टार्गेट दुकानात कोणीतरी मोग्रू म्हणून ओरडतं.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी असाल तर आधीच बोलून ठेवा. हॉट डॉगला पर्याय होता, पण स्मोअर्सच्या (बिस्किटात चॉकलेट आणि मार्शमेलो घालून करतात ते) मार्शमेलोत जिलेटिन असतं हे अर्ध्या लोकांच्या लक्षातच नव्हतं, मी जिलेटिन नसलेले घेऊन गेले तर जैन आणि मुस्लिम घरातल्या मुली पण माझ्याचकडे आल्या. शेकोटी नव्हतीच म्हणा, जंगलातल्या वणव्यांचा सीझन म्हणून बंदी, पिझ्झाच्या खोक्यांचे सोलर ओव्हन करून त्यात चॉकलेट वितळवलं. सकाळी धुकं नि थंडी, दुपारी कडक ऊन, त्यामुळे कपडे थरावर थर घाला, आणि पॉयझन ओकची (अंगाला लागलं की खाज आणि पुरळ उठवणारं झुडूप) तीन पानं मुलीला आधी फोटोत दाखवून ठेवा, लागलंच तर लगेच साबणाने धुवायचं, त्याचं तेल कपड्यांवर पण राहतं.

न आवडलेलं पण आहेच. जुन्या आयांचा एक घट्ट ग्रुप असतो, नवीन माणसाला कोणी मुद्दाम वाईट वागवत नाही पण काही सांगतही नाही, कात्र्या कुठल्या डब्यात हे शोधण्यात माझा पहिला दिवस गेला. व्हॉलंटियरच्या लहान भावंडांसाठी वेगळं युनिट असतं, तिथे माणसं कमी आणि गोंगाट फार. आणि बाबा लोक! सोमवारी तंबू लावायला आणि शुक्रवारी उतरवायला दिसतात, मधले दिवस सगळे आयांचे. पुरुषांना मनाई वगैरे काही नाही, त्यांच्यासाठी वेगळं टॉयलेट ठेवतात, युनिटमध्ये सोबत बाई लीडर असते, एवढंच. एक बाबा आठवडाभर होते, त्यांच्याभोवती गाठी बांधायला शिकायला मुलींची रांग लागायची.

सासूबाई पुण्याहून आल्या होत्या, व्हिजिटर व्हिसावर. ठसेबिसे नाहीत म्हणून मुलींमध्ये त्यांना काम नव्हतं, पण स्वॅप्स, म्हणजे मुली एकमेकींना देतात ती पिनेला लावलेली छोटी वस्तू, ती त्यांनी घरी बसून केली, मणी आणि फेल्टच्या कैऱ्या, ढीगभर. टीव्हीपुढे हात चालू. त्या कैऱ्यांना कॅम्पात जाम डिमांड होती आणि रोज संध्याकाळी त्यांना हिशोब द्यावा लागायचा की किती खपल्या.

तर माझं मत विचाराल तर हो, करा, पण दुसऱ्या युनिटमध्ये. आमच्याकडे फॉर्म हिवाळ्यात उघडतो आणि व्हॉलंटियरच्या मुलींना जागा आधी मिळते. ठसे मार्चपर्यंत देऊन टाका, मेमध्ये अपॉइंटमेंटसाठी लोकांची फार पळापळ झाली. नवऱ्याला पुढच्या वर्षी मंगळवार-बुधवार घ्यायला लावलेत, तंबू दुसरं कोणीतरी लावेल.