लकडगंजात घडवून घेतलेला लाँगबो: वळणदार टोकांची पारख

नागपुरातील लकडगंजच्या लाकूडबाजाराजवळील एका लहान कारखान्यातून मी इंग्लिश पद्धतीचा लाँगबो, म्हणजे लांब लाकडी धनुष्य, करवून घेतला. दोरी २८ इंच ओढायला ४५ पौंडांचा जोर लागतो आणि टोके पुढे, म्हणजे धनुर्धरापासून दूर, वळवलेली आहेत. किंमत १४,५०० रुपये पडली. दोरी अडकवण्यासाठी टोकांना बसवलेल्या शिंगाच्या खाचा आणि दोरी त्यात धरलेली आहे, बाण वेगळे घ्यावे लागतात.

इंग्लंडमध्ये हे धनुष्य प्रामुख्याने यू वृक्षाच्या एकाच तुकड्यातून काढत. १५४५ साली बुडालेल्या आणि १९८२ साली वर काढलेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्लिश युद्धनौकेवरची धनुष्येही यूचीच आहेत. त्या लाकडाची खुबी अशी की, पाठीकडचे, म्हणजे धनुर्धराच्या विरुद्ध बाजूचे, फिकट बाह्यकाष्ठ ताण सोसते आणि पोटाकडचे, म्हणजे धनुर्धराकडच्या बाजूचे, तांबूस अंतरकाष्ठ दाब सोसते. विदर्भात यू नाही, म्हणून या कारागिराने ताणाचे काम पाठीवर चिकटवलेल्या कटांग बांबूच्या पट्टीकडे आणि दाबाचे काम धामणाच्या लाकडाकडे दिले आहे. धामण लवचीक व चिवट असल्यामुळे आपल्याकडे कावडीच्या दांड्यांसाठी आणि धनुष्यांसाठी पूर्वापार वापरले जाते, तेव्हा ही निवड योग्यच म्हणावी लागेल. बांबूची पेरे रंध्याने सपाट न करता जपली आहेत, त्यामुळे पाठीवरचे तंतू कुठेही तुटलेले नाहीत. आडवा छेद पोटाकडे गोलाई असलेला, अस्सल लाँगबोचा आहे.

खरे पैसे मोजायचे ते टोकांसाठी. सरळ लाँगबो पूर्ण ओढत आणला की शेवटच्या दोन-तीन इंचांत दोरी आणि पाते (मुठीच्या वर-खाली वाकणारा भाग) यांच्यातील कोन काटकोनाकडे सरकतो आणि ओढ एकदम जड होते. टोके पुढे वळवली की तो कोन लहान राहतो, सुरुवातीच्या ओढीलाच अधिक जोर लागतो आणि तेवढ्याच पौंडांत धनुष्यात जास्त शक्ती साठते. ही शक्ती बाणाला मिळावी यासाठी टोक मात्र हलके हवे, कारण दोरी सुटताना टोकाचे जादा वजन हलवण्यातच तिचा मोठा वाटा खर्च होतो. कारागिराला हे पक्के ठाऊक आहे. टोके आणखी कमी करता येतील का, असे विचारल्यावर त्यांचे उत्तर होते, “भाऊ, टोक बारीक केलं त बाण जोरात जाते, पन मंग तुटलं त मले म्हणू नका.” त्यांनी राखलेली जाडी मला समंजस वाटली, ओढ शेवटपर्यंत एकसारखी वाढत जाते.

तक्रार आहे ती खालच्या पात्याबद्दल. वळणदार टोक किंचित जरी एका बाजूला झुकलेले असले तरी दोरी मध्यावर बसत नाही, आणि प्रत्येक ओढीबरोबर ती पात्याला अधिकाधिक पिळत नेते. ताब्यात घेताना वरच्या टोकापासून दोरीच्या रेषेत एका डोळ्याने पाहिले, तेव्हा ती खालच्या टोकावर डावीकडे सरकलेली स्पष्ट दिसली. त्यांनी हुज्जत न घालता हीट गनने टोक तापवून, शिकंज्यात उलट बाजूला किंचित जास्त दाबून थंड होऊ दिले आणि पिळ काढला. काम उत्तम झाले, पण ग्राहकाच्या नजरेस येण्याआधीच ते व्हायला हवे होते. साच्यातच वळण सरळ बसवण्याची शिस्त अजून इथे कमी पडते.

दुसरी उणीव लेपाची आहे. जवसाचे तेल आणि मेण यांनी लाकूड देखणे दिसते, पण नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यानंतर पावसाळ्याची दमट हवा आली की तेवढ्याने भागत नाही. ओलसर लाकूड वाक धरते आणि टोकांचे मूळचे पुढचे वळण कमी होत जाते. पॉलियुरेथेनचा थर मागून घ्यावा, तो ते थोड्या जादा पैशांत देतात. दोरी चढवलेले धनुष्य रात्रभर ठेवू नये, हे त्यांनी आपणहून सांगितले, ते बरे केले.

स्पर्धेत उतरणाऱ्यांनी मागणी नोंदवण्याआधी आपल्या गटाचे नियम पाहून घ्यावेत, कारण लाँगबो गटात दोरी चढवलेल्या धनुष्याला एकाच दिशेचा अखंड वाक असावा अशी अट असू शकते आणि पुढे वळलेली टोके त्यात अडतात. तशांसाठी सरळ टोकांचा लाँगबो याच लाकडात, कमी किमतीत मिळतो.