बेळगावात घ्यायची तर जुनी जिप्सी की नवी जिम्नी?

दोन्ही मारुतीच्याच छोट्या फोर-बाय-फोर गाड्या. माझं मत आधीच सांगून टाकतो. घरात एकच गाडी राहणार असेल तर जिम्नी घ्या. दारात दुसरी गाडी आहे, विश्वासाचा मिस्त्री आहे आणि रविवारी गाडीखाली शिरायची हौस आहे, तर जिप्सीसारखं सुख नाही.

बेळगावच्या कॅम्पात वाढलेल्या माणसाला जिप्सी आधी दिसली ती लष्करी हिरव्या रंगात. मराठा लाईट इन्फंट्रीच्या केंद्रामुळं ती इथल्या रस्त्यांवर रोजचीच होती. त्यामुळं ओढ आहेच, मलाही आहे. पण ओढीच्या भरात कुठलीही जिप्सी उचलू नका. १९८५ च्या डिसेंबरात आलेल्या पहिल्या जिप्सीला ९७० सीसीचं इंजिन आणि चारच गिअर होते. १९९६ ला १२९८ सीसीची ‘किंग’ आली, पाचवा गिअर आला. २००० च्या सुमारास कार्बोरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पेट्रोल फवारणारी यंत्रणा, आलं आणि ताकद ८० अश्वशक्तीपर्यंत गेली. घ्यायची तर हीच. कार्बोरेटर नीट लावून देणारे हात आता कमी झालेत. शिवाय आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत असतं. जुन्या गाडीचे रबरी पाईप आणि सील त्यानं लवकर खराब होतात, बराच काळ उभ्या राहिलेल्या गाडीच्या टाकीत पाणीही धरतं. एमपीएफआय गाडीचेही पाईप बदलून घ्यावेत, पण तिथं दुखणं आटोक्यात राहतं.

बघायला जाल तेव्हा रंगाकडं बघू नका. टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखाली जा. मागचे पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, जिथं शॅकलनं (झुलत्या कडीनं) चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जोडलेत, तिथं खानापूर-जांबोटीकडची तांबडी माती घट्ट बसलेली असते. पावसाळाभर ती ओल धरते आणि लोखंड आतून खाते. माती खरवडून ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर ठीक, बोदा आवाज आला किंवा टोक आत घुसलं तर तिथूनच परत फिरा, मालक किंमत कितीही उतरवो. मग फ्लोअर, मग पुढच्या चाकांचे हब. बाकी सगळं मिळतं. उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत टर्निंगची, मशीनिंगची एवढी कामं चालतात की न मिळणारं बूश किंवा पिन घडवून घेता येते. जुनी गाडी सांभाळायला बेळगावसारखं गाव नाही, हे मी अभिमानानं सांगतो.

आता जिम्नी. जून २०२३ मध्ये ती आपल्याकडं पाच दारांत आली. लॅडर चासी (शिडीसारखा सांगाडा), पुढं-मागं अखंड अ‍ॅक्सल आणि अवघड जागी जादा ओढ देणारा लो-रेंज गिअर हे सगळं तिच्यातही आहे, म्हणजे जिप्सीशी तिचं नातं खरं आहे. फरक पडतो तो पाट्यांच्या जागी कॉइल स्प्रिंग आल्यानं. कणकुंबीच्या पुढं चोर्ला घाटाचा रस्ता पावसानं उखडला की जिप्सीत मागं बसलेला माणूस अक्षरशः उडतो, घरची वयस्कर मंडळी पुन्हा बसायला तयार होत नाहीत. जिम्नीत ती बसतात. पंधराशे सीसी, साधारण १०५ अश्वशक्ती, सहा एअरबॅग, पॉवर स्टिअरिंग. कोल्हापूरचा हायवे ती न दमता कापते. जिप्सीत एअरबॅगच नाही, ही गोष्ट लहान मुलं असलेल्या घरानं गांभीर्यानं घ्यावी. जिम्नीची डिकी मात्र लहान, चौघांचं लग्नाचं सामान मावत नाही.

मॉडिफिकेशनबद्दल माझं मत कडक आहे. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय की कंपनीनं मंजूर करून घेतलेल्या रचनेत मूलभूत बदल चालणार नाहीत. पुढचे लोखंडी बंपर गार्डही बेकायदा आहेत. आणि उंच उचललेली जिप्सी घाटाच्या वळणावर किती डोलते हे चालवणाऱ्यालाच कळतं. पैसे घालायचेच असतील तर चांगल्या टायरमध्ये घाला, तेही कंपनीच्या मापाचे. विकत घेतानाही सगळ्यात कमी छेडलेली गाडी निवडा. कापलेलं छप्पर आणि वायरिंगची गुंतवळ निस्तरण्यात मूळ किमतीएवढा खर्च होतो.

राहिला कागदांचा प्रश्न, आणि सीमेवरच्या आपल्यासारख्यांना तो जास्त छळतो. कर्नाटकात दहा ते वीस लाखांच्या गाडीला आजीवन कर १७ टक्के, वर उपकर. महाराष्ट्रात त्याच किमतीच्या पेट्रोल गाडीला कमी बसतो, म्हणून कोल्हापूरच्या पाहुण्याच्या पत्त्यावर जिम्नी नोंदवायचा सल्ला देणारे भेटतील. राहता बेळगावात तर ऐकू नका. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली की नवी नोंदणी करावीच लागते आणि कर इथंही भरावा लागतो. एमएच-०९ ची, म्हणजे कोल्हापूरला नोंदलेली, जुनी जिप्सी आणतानाही हाच हिशेब, वर आधी तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला). पंधरा वर्षं झालेल्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झालंय, वीस वर्षांपुढच्या गाड्यांना २०२५ पासून दहा हजार. लष्करी लिलावातली जिप्सी असेल तर विक्रीचे मूळ कागद आणि चासीवरचा नंबर स्वतः ताडून बघितल्याशिवाय विसार देऊ नका.