फॉर्म ८३३२ वर न वाचता सही केली, मुलीचं क्रेडिट दोन वर्षं गेलं

मी अमेरिकेत, न्यू जर्सीत राहते. फॉर्म ८३३२ म्हणजे मुलामागे करात मिळणारी सूट (चाइल्ड टॅक्स क्रेडिट) घटस्फोटानंतर दुसऱ्या पालकाला सोडून द्यायचा कागद. २०२२ मध्ये घटस्फोट झाला, मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. लिहायला लाज वाटतेय कारण माझं कामच दिवसभर दुसऱ्यांच्या बिलांमधल्या चुका शोधायचं आहे आणि स्वतःच्या वेळी कागद उलटूनसुद्धा बघितला नाही. पण परवा इथल्याच एका घटस्फोटित मैत्रिणीने तिच्या आधीच्या नवऱ्याबद्दल सहज विचारलं, "अगं तो कुठलातरी फॉर्म मागतोय, देऊ का सही करून?" आणि माझ्या पोटात गोळाच आला.

तर झालं असं. आमच्या घटस्फोटाच्या सेटलमेंटमध्ये स्वच्छ लिहिलंय की टॅक्सच्या रिटर्नवर मुलीला दरवर्षी मीच दाखवणार. ती राहते माझ्याकडे, एक आड एक वीकेंड आणि सुट्टीतले काही दिवस बाबाकडे. फेब्रुवारी २०२३ मध्ये रविवारी संध्याकाळी तिला सोडायला आला तेव्हा म्हणाला, यंदा फार ओढाताण आहे, २०२२ चं क्रेडिट एवढं एकदाच मला घेऊ दे, पुढच्या वर्षीपासून तुझंच. दोन हजार डॉलरचा प्रश्न होता, म्हटलं जाऊ दे, भांडण नको, पोरीसमोर तर नकोच. गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला, थंडीने पेन उठेना, मुलगी "आई शू आली" म्हणून जॅकेट ओढतेय. पहिल्या भागात २०२२ लिहिलेलं होतं, तिथे सही केली. खाली दुसऱ्या भागातही सहीची जागा होती, वर्षाची जागा कोरी. मी विचारलं हे काय? तर म्हणे, "ते रिकामंच राहतं गं, फॉर्मला दोन्हीकडे सही लागते." केली!

दोन्हीकडे सही अजिबात लागत नाही. पहिला भाग त्या एका वर्षाचा, दुसरा भाग पुढच्या वर्षांसाठी हक्क सोडायचा. त्या कोऱ्या जागेत त्याने घरी जाऊन 'यापुढची सर्व वर्षं' अशा अर्थाचे तीन इंग्रजी शब्द लिहिले, संपलं.

मला कळलं २०२४ मध्ये. २०२३ चं रिटर्न ई-फाइल केलं आणि अर्ध्या तासात रिजेक्ट, मुलीचा सोशल सिक्युरिटी नंबर आधीच दुसऱ्या रिटर्नवर वापरलाय म्हणून. मला आधी वाटलं नंबर चोरीला गेला. त्याला फोन केला तर शांतपणे फॉर्मचा फोटो पाठवला, "सही तुझीच आहे ना?" फोटो मोठा करून बघितला, वरचं २०२२ निळ्या पेनने आणि ते तीन शब्द काळ्या पेनने. आता हे सिद्ध कुणापुढे करणार?

आई दरवर्षी पुण्याहून कालनिर्णय पाठवते, ते फ्रिजवर असतं. मुलगी बाबाकडे झोपते त्या तारखेवर मी फुली मारते. २०२३ च्या फुल्या मोजल्या, ७१. म्हणजे २९४ रात्री माझ्याकडे. आयआरएसच्या (इथल्या इन्कम टॅक्स खात्याच्या) हिशेबात ज्याच्याकडे मूल जास्त रात्री झोपतं तोच कस्टोडियल पालक, कोर्टाच्या कागदावर काय लिहिलंय ते नंतर. पण कस्टोडियल पालकानेच ८३३२ वर सही करून हक्क सोडला की त्या २९४ रात्रींचाही क्रेडिटसाठी उपयोग नाही. आणि आयआरएस आपलं सेटलमेंट ॲग्रीमेंट वाचत बसत नाही, ते मोडलं तर फॅमिली कोर्टात जा. वकिलाने फीचा जो आकडा सांगितला तो ऐकून मी फोन ठेवला.

खरा राग मला दुसऱ्याच गोष्टीचा आहे. ओळखीतल्या एका टॅक्सवाल्याने (आपलाच मराठी माणूस, गणपतीत आरतीला पुढे असतो) सांगितलं की मुलगी तिकडच्या रिटर्नवर गेली म्हणजे तू टॅक्सला सिंगल. मी तसं भरलं. साफ चूक! ८३३२ ने फक्त चाइल्ड टॅक्स क्रेडिट जातं. मूल अर्ध्या वर्षाहून जास्त तुमच्याकडे राहतं आणि घराचा निम्म्याहून जास्त खर्च तुमचा असेल तर हेड ऑफ हाउसहोल्ड (एकट्याने घर चालवणाऱ्याचा टॅक्समधला वेगळा दर्जा) तुमचंच राहतं, ते दुसऱ्या पालकाला सहीने देताच येत नाही. २०२३ ला सिंगलचं स्टँडर्ड डिडक्शन (उत्पन्नातून सरसकट मिळणारी वजावट) १३,८५० डॉलर आणि हेड ऑफ हाउसहोल्डचं २०,८००, फरक बघा. शाळेनंतरच्या डे केअरचं क्रेडिटही माझंच होतं. मग १०४०-एक्स (भरलेलं रिटर्न दुरुस्त करायचा फॉर्म) भरून ते सुधारलं, त्याला तीन वर्षांची मुदत असते म्हणून वाचले. शाळेचं आणि डॉक्टरचं पत्र, दोन्हीवर मुलीचा पत्ता माझा, तयार ठेवलं होतं.

सही मागे घेता येते, त्याच फॉर्मचा तिसरा भाग त्यासाठीच आहे. पण त्यातली मेख अशी की ज्या वर्षी तुम्ही दुसऱ्या पालकाला कळवता त्याच्या पुढच्या वर्षापासूनच ते लागू होतं. मी एप्रिल २०२४ मध्ये कळवलं, म्हणजे २०२५ पासून. २०२३ आणि २०२४ चे मिळून चार हजार गेले ते गेलेच. कळवल्याचा पुरावा लागतो म्हणून सर्टिफाइड मेलने पाठवलं, पोचपावतीचं हिरवं कार्ड त्याच्या सहीनिशी परत आलं, ते आता पासपोर्टच्या पाकिटात आहे. शिवाय आयआरएसकडून आयपी पिन (रिटर्न माझंच आहे हे पटवणारा गुप्त नंबर) काढून ठेवला, त्याने आधी घाई करून मुलीला दाखवलं तरी माझं ई-फाइल अडत नाही.

मैत्रिणीला मी सांगितलं, द्यायचंच असेल तर फक्त पहिला भाग भर, वर्ष स्वतःच्या हाताने लिही, दुसऱ्या भागावर आडवी रेघ मार आणि फोटो काढ. ती म्हणाली, "रेघ मारलेली बघून त्याला राग येईल गं."

२०२५ चं रिटर्न यंदा फेब्रुवारीत भरलं, सही मागे घेतल्याच्या त्या तिसऱ्या भागाची कॉपी जोडून. आता क्रेडिट २,२०० झालंय. त्याच आठवड्यात त्याचा मेसेज, "मुलीला तुझ्या रिटर्नमध्ये टाकलंस का?" मी हिरव्या कार्डाचा फोटो पाठवला. निळ्या टिका दिसल्या, उत्तर अजून नाही.