ओल्ड बेली ऑनलाइन : प्रणयकथालेखकाच्या नजरेतून न्यायालयाचे दप्तर

अठराव्या शतकातील लंडनमध्ये घडणारी दोन पुरुषांची प्रेमकथा लिहायला घेणाऱ्याची पहिली अडचण साधनांची असते. ज्या संबंधांना १५३३च्या कायद्याने फाशीची शिक्षा सांगितली होती आणि १८६१पर्यंत ती कायद्यात कायम होती, त्यांविषयी त्या माणसांनी स्वतःच्या हाताने लिहिलेले फार थोडे उरले आहे. जे उरले आहे ते बहुतांशी त्यांना पकडणाऱ्यांनी आणि त्यांचा न्याय करणाऱ्यांनी लिहिलेले. अशा कागदांचा सर्वांना खुला असलेला फार मोठा साठा म्हणजे ‘ओल्ड बेली ऑनलाइन’ हे संकेतस्थळ. लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात १६७४ ते १९१३ या काळात चाललेल्या १,९७,०००हून अधिक फौजदारी खटल्यांचे छापील वृत्तान्त येथे विनामूल्य वाचता येतात. हर्टफर्डशायर, शेफील्ड आणि ओपन या विद्यापीठांतील इतिहासकारांनी २००३मध्ये ते खुले केले आणि २००८पर्यंत पूर्ण काळ त्यात आणला.

शोधाची सोय उत्तम आहे. शब्द, आडनाव, गुन्ह्याचा प्रकार, निकाल, शिक्षा आणि कालखंड यांपैकी कशानेही, किंवा सर्व एकत्र करून, शोध घेता येतो, आणि मूळ छापील पानाची प्रतिमाही पाहता येते. १८३४पर्यंतचा मजकूर दोनदा स्वतंत्रपणे टंकित करून ताडून पाहिलेला असल्याने त्यातील चुका अत्यल्प आहेत. एक मात्र ध्यानात ठेवावे : अश्लील मानलेले शब्द छापताना त्या काळचे मुद्रक मधली अक्षरे गाळून रेघ मारत, त्यामुळे केवळ शब्दशोधावर विसंबणाऱ्याच्या हातून काही खटले निसटतात.

नवा लेखक साहजिकच लैंगिक गुन्ह्यांच्या वर्गात शिरतो आणि तिथे त्याला १७२६ हे वर्ष सापडते. होबर्नमधील फील्ड लेन येथे मार्गारेट क्लॅप हिचे घर होते; तिथे ‘मॉली’ म्हणवणारे, म्हणजे पुरुषांशीच संबंध ठेवणारे, पुरुष जमत. त्या घरावर फेब्रुवारीत छापा पडला आणि मे महिन्यात गॅब्रिएल लॉरेन्स, विल्यम ग्रिफिन व थॉमस राइट या तिघांना टायबर्न येथे फाशी देण्यात आले. क्लॅपबाईंच्या खटल्यातील साक्षीदार सांगतो की, एका रविवारी रात्री तिथे पन्नासच्या आसपास पुरुष होते, ते एकमेकांच्या मांडीवर बसत, नाचत, स्त्रियांप्रमाणे लवून अभिवादन करत आणि त्यांच्या बोलण्याची नक्कल करत. लेखकाला इतके आयते दृश्य मिळाल्यावर मोह आवरत नाही, आणि म्हणूनच याच एका घराच्या कितीतरी नकला कादंबऱ्यांतून दिसतात. त्याच वर्षी मूरफील्ड्समध्ये पकडल्या गेलेल्या विल्यम ब्राउनचा खटला मला अधिक मोलाचा वाटतो. आपल्या देहाचा आपल्याला हवा तसा उपयोग करण्यात काही गुन्हा आहे असे मला वाटत नाही, असे त्याने पकडणाऱ्यांना सांगितले. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला आलेल्या स्त्रीपुरुषांनी मात्र त्याचा बारा-तेरा वर्षांचा संसार आणि पत्नीशी असलेली चांगली वागणूक यांचा दाखला दिला. त्या पत्नीचे पुढे काय झाले असेल, हा प्रश्न एखाद्या कादंबरीला पुरेल. वृत्तान्त त्यावर एक शब्द बोलत नाही.

तरीही या दप्तरातील उत्तम सामग्री त्या वर्गात नाही, ती चोरी आणि लुटीच्या खटल्यांत आहे, हे माझे ठाम मत आहे. याचे उदाहरण जुलै १७३२मधले आहे. जॉन कूपर नावाच्या माणसाने तक्रार केली की, थॉमस गॉर्डनने चेल्सीजवळच्या शेतात धाक दाखवून अंगावरचे कपडे काढून घेतले. गॉर्डनचे म्हणणे असे की कपडे राजीखुशीने दिलेले होते. या वादात शेजारणी साक्षीला येतात आणि कूपर हा सगळ्या वस्तीत ‘प्रिन्सेस सेराफिना’ म्हणून ओळखला जातो, हे सहजपणे सांगून जातात. ड्रुरी लेनमध्ये टू शुगर लोव्ह्ज हे मद्यालय चालवणारी मेरी पॉपलेट तर त्याचा उल्लेख स्त्रीलिंगीच करते : पांढरा झगा, लाल अंगरखा, कपाळाभोवती कुरळे केलेले केस, हातातला पंखा, नाचाच्या समारंभांची हौस. गॉर्डन निर्दोष सुटला. पण महत्त्वाची आहे ती त्या बायकांच्या बोलण्यातली निर्धास्त ओळख, कारण फाशीच्या छायेतही माणसे शेजारपाजाऱ्यांत कशी राहत होती हे कायद्याचा कोणताही ग्रंथ सांगणार नाही. समलिंगी संबंधांचा आळ घेण्याची धमकी देऊन पैसे उकळणाऱ्यांवरचे खटलेही असेच लुटीच्या आणि खंडणीच्या वर्गांत विखुरलेले आहेत, आणि कथानकाला गाठ मारायची असेल तर ते जरूर वाचावेत.

चोरीच्या खटल्यांतून घरातील वस्तू, कापडांची नावे, खोल्यांची रचना, कोण कोणाबरोबर एका बिछान्यात झोपत असे, असे सारे मिळते. किमतींबाबत मात्र सावध राहिले पाहिजे. घरातून चाळीस शिलिंग किंवा अधिक किमतीची चोरी हा फाशीचा गुन्हा असल्याने ज्यूरी दयेपोटी तीच वस्तू एकोणचाळीस शिलिंगांची ठरवत असे. अशा निकालातला आकडा बाजारभाव समजून नायकाच्या खिशात घातला, तर जाणकार वाचक हसेल.

या साधनाच्या मर्यादा ठळक आहेत. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून अशा खटल्यांचा तपशील छापणेच बंद होत गेले, आणि व्हिक्टोरियन काळात आरोपीचे नाव, वय आणि निकाल यांपलीकडे फारसे काही उरले नाही. १८९५मधला ऑस्कर वाइल्डचा खटला याच न्यायालयात चालला, पण त्याची येथील नोंद त्रोटक आहे आणि पुरावा त्यात दिलेला नाही. २७ नोव्हेंबर १८३५ रोजी न्यूगेट तुरुंगाबाहेर फाशी गेलेले जेम्स प्रॅट आणि जॉन स्मिथ हे इंग्लंडमध्ये या गुन्ह्यासाठी फाशी गेलेले अखेरचे दोघे. त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यालाही येथे पोटभर मिळणार नाही. शिवाय प्रत्यक्ष संभोग सिद्ध करणे अवघड असल्याने पुष्कळांवर केवळ प्रयत्नाचा आरोप ठेवला जाई, आणि तसे खटले अनेकदा मिडलसेक्स व वेस्टमिन्स्टरच्या सत्र न्यायालयांत चालत. ते या संकेतस्थळावर नाहीत. ती उणीव १६९० ते १८०० या काळापुरती ‘लंडन लाइव्ह्ज’ हे भावंड संकेतस्थळ काही अंशी भरून काढते.

सर्वांत मोठी मर्यादा दृष्टीची आहे. साक्षीदारांतले काही पैशासाठी फितूर झालेले, काही स्वतःची मान सोडवण्यासाठी बोलणारे. आणि प्रेम या गोष्टीशी न्यायालयाला कर्तव्य नव्हते. म्हणून एकाच बैठकीत वीस खटले वाचून काढण्यापेक्षा एक खटला घेऊन त्यातील प्रत्येक साक्षीदाराचा स्वार्थ कागदावर मांडावा, आणि मगच त्याचे वर्णन कथेत घ्यावे. सत्तावन्नच्या उठावानंतर १८६०मध्ये आलेल्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३७७ हे याच इंग्रजी कायद्याचे अपत्य असल्याने आणि २०१८च्या निकालापर्यंत ते आपल्याकडे प्रौढांच्या संमतीच्या संबंधांनाही लागू राहिल्याने, मराठी वाचकाला या कागदांतील भाषा वाटते तितकी परकी वाटणार नाही.

दोन स्त्रियांची कथा लिहिणाऱ्याने मात्र येथे वेळ घालवू नये. इंग्लंडच्या कायद्याने स्त्रियांमधील संबंध गुन्हा ठरवले नव्हते, त्यामुळे न्यायालयाच्या दप्तरात त्या जवळजवळ नाहीतच. त्यांच्यासाठी इंग्लंडमधील हॅलिफॅक्सच्या, स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या अ‍ॅन लिस्टरची अंशतः सांकेतिक लिपीत लिहिलेली रोजनिशी हे कितीतरी श्रीमंत साधन आहे, आणि ती तिने स्वतः लिहिलेली आहे.