‘कधीही न वापरलेले’ जुने घड्याळ विकत घेताना

लग्नसराईत जुन्या काळाचा पेहराव करण्याची हौस आता आपल्या खानदेशातही चांगलीच रुजली आहे. हळदीला बेलबॉटम, लांब टोकांच्या कॉलरचे शर्ट, ठिपक्यांच्या साड्या आणि मनगटावर चावीचे घड्याळ असा थाट भुसावळ-जळगावकडच्या अनेक मांडवांत दिसतो. कपडे शिंपी शिवून देतो. घड्याळ मात्र जुनेच हवे असते आणि फसवणूक होते ती तिथेच. माझ्या पुतण्याच्या लग्नासाठी मागवलेल्या घड्याळाची हकिकत इतरांना उपयोगी पडेल म्हणून लिहीत आहे.

समाजमाध्यमावरील एका पानावर एचएमटीचे ‘जनता’ घड्याळ विक्रीला होते. ‘१९६८ चे, दुकानात पडून राहिलेले, कधीही न वापरलेले, मूळ खोका व हमीपत्रासह’ असे वर्णन आणि किंमत साडेचार हजार रुपये. एचएमटीने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने १९६१ मध्ये घड्याळनिर्मिती सुरू केली आणि २०१६ मध्ये केंद्र सरकारने हा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय घेतला. त्या काळचा माल आता नव्याने येत नाही, आणि ज्या पिढीत जावयाला घड्याळ, सायकल व रेडिओ देण्याची पद्धत होती त्या पिढीचे या नावावरचे प्रेम मात्र टिकून आहे. असे विक्रेते नेमके याचेच भांडवल करतात.

पैसे यूपीआयने आगाऊ घेतले गेले. घड्याळ आले, दोन दिवस चालले आणि बंद पडले. भुसावळच्या बाजारात अनेक वर्षे घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका काकांनी झाकण उघडले, डोळ्याला भिंग लावले आणि म्हणाले, ‘‘भाऊ, हे घड्याळ नाही, खिचडी आहे.’’ आकाशी तबकडी नव्याने रंगवलेली होती. अक्षरांच्या कडा फुगलेल्या, बाराची खूण किंचित डावीकडे सरकलेली आणि कडेला रंगाखालून जुना गंज डोकावत असलेला. आतल्या स्क्रूंची डोकी पेचकसाने खरवडली गेली होती. जे घड्याळ कधी वापरलेच नाही, ते इतक्या वेळा उघडायचे कारण काय? मशीन जुनेच होते, पण सुटे भाग वेगवेगळ्या घड्याळांतून काढून बसवलेले होते.

हमीपत्राने तर कमालच केली. त्यावर १९६८ सालची तारीख होती आणि कंपनीच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड छापलेला होता. आपल्या देशात पिनकोड सुरू झाला तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी. बनावट कागद छापणाऱ्याने टपाल खात्याची एवढी तरी माहिती घ्यायला हवी होती!

तबकडी रंगवून, भाग बदलून घड्याळ विकणे हा काही गुन्हा नव्हे; तसे स्पष्ट सांगून रास्त भावात विकणारे प्रामाणिक कारागीरही आहेत. लबाडी आहे ती ‘न वापरलेले’ या शब्दांत, कारण किंमत त्यांच्यामुळेच चढते. म्हणून पैसे देण्यापूर्वी मागचे झाकण उघडून आतल्या चालत्या मशीनचा व्हिडिओ मागावा, तबकडीचे जवळून घेतलेले छायाचित्र मागावे आणि शक्यतो ते एखाद्या जाणत्या कारागिराला दाखवावे. टाळाटाळ झाली, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

मी हे सर्व दोष, पिनकोडसकट, विक्रेत्याला लिहून कळवले. ‘व्हिंटेज मालाला परतावा नाही’ एवढे उत्तर देऊन त्याने माझा क्रमांक ब्लॉक केला. वास्तविक ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार बनावट किंवा वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. मी १९३० या सायबर मदत क्रमांकावर आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पैसे अद्याप मिळालेले नाहीत. तेच आकाशी घड्याळ आता दुसऱ्याच नावाच्या पानावर त्याच छायाचित्रांसह विकायला आहे, फक्त हमीपत्राचे छायाचित्र त्यातून काढून टाकले आहे.