नाशिकच्या गारठ्यात सायकलवर कामाला जाताना काय घालायचं: स्वेटर, फ्लीस, विंडचीटर की सॉफ्टशेल?

सकाळी ६ ला १० अंश आणि दुपारी साडेतीनला २८-२९, नाशिकचा डिसेंबर-जानेवारी असा असतो आणि सातपूर-अंबडच्या कारखान्यांत फर्स्ट शिफ्टला सायकलने जाणाऱ्याला हे दोन्ही एकाच दिवशी झेलायचं असतं. जाताना अंधार, कारण जानेवारीत सूर्य उगवतोच ७ नंतर, ब्रेकवर बोटं बधिर, नाक वाहतंय, आणि येताना त्याच रस्त्यावर ऊन चटका देतंय. म्हणून इथे "सगळ्यात गरम जॅकेट कुठलं" असं विचारत दुकानात शिरलं की हमखास जाडजूड काहीतरी गळ्यात पडतं. विचारायचं ते असं की वारा कोण अडवतं, घाम कोण बाहेर सोडतं, आणि दुपारी काढलं की ते सॅकमध्ये टिफिनशेजारी मावतं का. मी खाली जे सांगतोय ते सगळं या तीन प्रश्नांवरच.

आधी वाऱ्याचं बघू. बाहेर ८ अंश आहे आणि तुम्ही ताशी २० किलोमीटरने चाललाय तर झाडाचं पान हलत नसलं तरी तुमच्या अंगावर २० चा वारा येतोच, आणि विंड चिलच्या नेहमीच्या सूत्राने उघड्या कातडीला ते साधारण ५ अंशांसारखं लागतं. चालत जाणाऱ्याला हा त्रास नाही, म्हणून त्याला जो स्वेटर पुरतो तो सायकलवाल्याला पुरत नाही. त्यात थंड हवा जड असते, ती सखल भागात साचते, त्यामुळे गंगापूर रोडवरून सोमेश्वर-आनंदवल्लीच्या बाजूला उतरलं किंवा पंचवटीतून होळकर पुलावर आलं की एकदम गारठा जाणवतो, आणि मखमलाबाद-म्हसरूळकडच्या मळ्यांमधून येणाऱ्यांना तर तो घरापासूनच. निफाडच्या गहू संशोधन केंद्रावर पारा नाशिक शहरापेक्षाही खाली जातो, तिकडे द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटवाव्या लागतात, तेव्हा ओझर-पिंपळगाव बाजूने सायकल मारणाऱ्यांनी शहरातल्या आकड्यातून दोन-तीन अंश वजा करूनच कपडे ठरवावेत.

आणि दुसरी बाजू अशी की पेडल मारायला लागलं की दहाएक मिनिटांत शरीर स्वतःच तापतं. दारातून निघताना थोडं गार वाटलं पाहिजे. दारातच उबदार वाटत असेल तर कंपनीच्या गेटपर्यंत आतला शर्ट भिजलेला असणार, आणि ओल्या कपड्यात एसी ऑफिसला किंवा गार शॉप फ्लोअरवर बसणं म्हणजे सर्दीपेक्षाही कंटाळवाणी गोष्ट, दिवसभर अंग गार राहतं. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट जास्त वेगाने उष्णता ओढून घेतं, म्हणून घाम हा थंडीइतकाच मोठा शत्रू धरायचा.

आता स्वेटर आणि फ्लीस. घरी विणलेला लोकरीचा स्वेटर मला मनापासून आवडतो, लोकर ओल शोषूनही ऊब धरून ठेवते, तिला वासही लवकर येत नाही. पण विणीतून वारा आरपार जातो, त्यामुळे सायकलवर एकटा स्वेटर छातीवर गार पडतो. फ्लीसचंही तेच. शरणपूर रोडच्या तिबेटियन मार्केटमध्ये मिळतात ते किंवा डिकॅथलॉनचे, दोन्ही हलके, स्वस्त, धुवायला सोपे, लगेच वाळतात, घाम अडकवत नाहीत, पण वारा काही अडवत नाहीत. दोघांत निवडायचं असेल तर सायकलसाठी फ्लीस, तोही पातळ आणि पुढे पूर्ण चेन असलेला. अर्ध्या चेनचा किंवा डोक्यातून घालायचा अजिबात नको, कारण चढावर सिग्नलला न थांबता एका हाताने चेन खाली ओढता येणं हीच इथली सगळ्यात मोठी सोय आहे.

विंडचीटर. माझा कौल इथेच आहे आणि तो मी लपवत नाही. पातळ नायलॉन किंवा पॉलिएस्टरचं, अस्तर नसलेलं, घडी केली की मुठीत मावेल असं. त्यात स्वतःची ऊब शून्य, हातात घेतल्यावर वाटतं याने काय होणार, पण ते पातळ फ्लीसवर किंवा नुसत्या फुल बाह्यांच्या ड्रायफिटवर (घाम लगेच वाळवणारा पॉलिएस्टरचा टीशर्ट) चढवलं की आतली गरम हवा जागेवर राहते आणि जाडजूड जॅकेटइतकं काम होतं. फार पूर्वीपासून युरोपातले रेस सायकलिस्ट घाट उतरायच्या आधी जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्र खुपसतात ते याच कारणासाठी, पेपरला ऊब नसते पण वारा अडतो. (अडीनडीला हे आपणही करू शकतो, खरंच उपयोग होतो.) विंडचीटरचा दोष एकच, साधं असेल तर घाम आत राहतो, म्हणून घेताना काखेत जाळी किंवा पाठीवर झाकलेली फट आहे का ते बघा. पाठ थोडी लांब हवी, हँडलवर वाकल्यावर कंबर उघडी पडायला नको, आणि बाह्या मनगटाच्या पुढे याव्यात. दुकानात हात सरळ खाली सोडून आरशात बघू नका, हात पुढे करून वाकून बघा, लोक बघतील तर बघू द्या. साध्या स्पोर्ट्स दुकानात पाचशे-हजारात चांगलं मिळतं.

सॉफ्टशेल म्हणजे विंडचीटर आणि फ्लीस एकत्र शिवल्यासारखं, बाहेरून वारा अडवणारं घट्ट कापड आणि आतून मऊ अस्तर, शिवाय ताणलं जातं त्यामुळे हालचाल मोकळी. ८ अंशाच्या सकाळी एकाच कपड्यात काम भागवणारं याच्याइतकं दुसरं काही नाही. पण दोन अडचणी. एक, किंमत, सायकलचं म्हणून घ्यायला गेलं तर दोन-तीन हजारांच्या पुढेच. दुसरी जास्त महत्त्वाची, ते वेगळं करता येत नाही. साडेआठ-नऊच्या जनरल शिफ्टला निघालात तर तोवर १५-१६ अंश झालेले असतात, तेव्हा सॉफ्टशेल जड होतं आणि काढलं की आत फक्त टीशर्ट. फ्लीस अधिक विंडचीटर या जोडीत तेव्हा नुसता फ्लीस काढून ठेवता येतो. म्हणून पहाटे निघणाऱ्याने आणि लांब जाणाऱ्याने सॉफ्टशेलचा विचार करावा, बाकीच्यांनी जोडी घ्यावी. यात हाफ जॅकेटही येतं, बिनबाह्यांचं, छाती-पोट झाकणारं, ज्याला घाम भरपूर येतो त्याला तर मी तेच सांगेन, छाती राखली की हात आपोआप निभावतात.

पफर जॅकेट, पिसं किंवा फायबर भरलेलं, सायकलवर नको. बसस्टॉपवर उभं राहायला छान. लेदर जॅकेट बाइकवाल्यांसाठी.

रेनसूटबद्दल मात्र जरा थांबायला हवं, कारण बरेच जण पावसाळ्यातला रेनसूटच थंडीत वापरतात. वारा तो शंभर टक्के अडवतो, हे खरं, आणि पाच-दहा मिनिटांच्या अंतराला चालूनही जातो. पण साधा पीव्हीसीचा रेनसूट वाफ बाहेर जाऊच देत नाही, अर्ध्या तासाच्या रस्त्याला आतून तुम्ही भिजलेले, आणि मग बाहेर पाऊस नसून फायदा काय. नाशिकला हिवाळ्यात पाऊस नसतो म्हणून वॉटरप्रूफ नकोच, असंही म्हणता येत नाही, २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही, निफाडच्या द्राक्षबागा त्यात झोपल्या. पण असे अवकाळीचे दिवस मोजके. त्यासाठी श्वास घेणारं, म्हणजे पाणी अडवून घामाची वाफ बाहेर सोडणाऱ्या पातळ पडद्याचं (मेम्ब्रेनचं) महाग जॅकेट, ज्याच्या लेबलवर १०,००० मिमी वगैरे लिहिलेलं असतं (पाण्याचा तेवढा उंच स्तंभ कापड सहन करतं असा त्याचा अर्थ), फक्त थंडीसाठी घेऊ नका. जूनपासून सप्टेंबरपर्यंतही सायकलच चालवणार असाल तर घ्या, तेव्हा पैसे वसूल होतात. नाहीतर पाणी उडवून लावणारं कोटिंग असलेलं विंडचीटर घ्यायचं, भुरभुर आणि दाट धुक्यातली ओल ते सहज झेलतं, आणि ढग दिसले की जुना रेनसूट कॅरिअरला लावून ठेवायचा.

आतला थर. कॉटनचं बनियन घरात उत्तम, सायकलवर नको, घाम पितं आणि धरून बसतं. पॉलिएस्टर जवळजवळ पाणी पीतच नाही, घाम पसरवून वाळवतं, दोन-चारशेला मिळतं, फक्त संध्याकाळपर्यंत वास येतो. मेरिनो लोकर दोन्ही बाजूंनी सरस, टोचत नाही, वास नाही, पण दोन-अडीच हजार आणि वर, आणि नाशिकमध्ये ती कामाची ठरणार दोन-सव्वादोन महिने. मी म्हणेन दोन पॉलिएस्टरचे घ्या आणि एक कोरडा शर्ट सॅकमध्ये ठेवा. दुकानात मिळणारे जाड कॉटन-मिक्स थर्मल, आत लव असलेले, ते रात्री झोपताना घाला.

हातांवर पैसे घालवायला कचरू नका, हे मी हात जोडून सांगतो. अंगात दोन थर असले तरी बोटं वाऱ्यात सगळ्यात पुढे असतात, पेडल मारून ती तापत नाहीत, आणि बधिर बोटांनी ब्रेक उशिरा लागतो, द्वारका किंवा मुंबई नाक्याला तो उशीर परवडणारा नाही. रस्त्यावर मिळणारे लोकरीचे हातमोजे दोन कारणांनी पडतात, वारा आत येतो आणि ब्रेकच्या लिव्हरवर घसरतात. बर्फात वापरायचे जाड हातमोजे घातले तर गिअर बदलताना काहीच कळत नाही. मधला पर्याय घ्या, पूर्ण बोटांचे, पाठीवर वारा अडवणारं कापड आणि तळव्याला ग्रिप. नाहीच मिळाले तर लोकरीच्या मोज्यांखाली मेडिकलमधले पातळ ग्लोव्ह्ज घालूनही छोटं अंतर निघतं, थोडा घाम येतो एवढंच.

कानाला माकडटोपी की बफ (ताणलं जाणारं, नळीसारखं पातळ कापड)? हेल्मेट घालत असाल (आणि घालाच) तर माकडटोपी बसतच नाही, हेल्मेट वर उचललं जातं, पट्टा सैल करावा लागतो आणि मग ते डोक्यावर असून नसल्यासारखं. पातळ बफ हेल्मेटखाली कानावरून घ्यायचा, दुसरा गळ्यात, १५० रुपयांत काम झालं. मफलर ऊब देतो पण त्याचं टोक सुटून चाकात जायची भीती असते, तेव्हा घ्यायचाच तर जॅकेटच्या आत खोचून चेन लावा. जॅकेटची हुड वर ओढू नका, मान वळवली की डोळ्यापुढे कापडच येतं आणि मागून येणारी बस दिसत नाही. चष्मेवाल्यांनी बफ नाकावर घेऊ नये, काचा धुरकटतात.

पायांना आपल्याकडे फार काही लागत नाही. मांड्या काम करत असतात. ट्रॅक पॅन्ट पुरते, उजव्या पायाला क्लिप किंवा रबर लावा म्हणजे चेनमध्ये जात नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र १२ अंशाखाली गुडघे उघडे ठेवू नयेत. जीन्स ताठ आणि ओली झाली की वाळत नाही. जाळीचे रनिंग शूज असतील तर बोटांना वारा लागतो, त्यावर जाड मोजा हा उपाय नाही, बूट घट्ट होऊन पाय आणखी गार पडतो, त्यापेक्षा बंद बूट घाला.

आता घ्यायचं काय. सिडकोतून अंबडला, चार-पाच किलोमीटर: घरातला फ्लीस किंवा स्वेटर, त्यावर विंडचीटर, हातमोजे, बस, हजार-दीड हजारात सगळं. नाशिकरोडहून सातपूर, पंधराएक किलोमीटर, पहाटेचं: ड्रायफिट, त्यावर सॉफ्टशेल किंवा फ्लीस-विंडचीटरची जोडी, चांगले हातमोजे, बफ दोन. जनरल शिफ्ट आणि कॉलेजवाले: ड्रायफिट आणि हाफ जॅकेट. सेकंड शिफ्ट सुटून रात्री ११ नंतर येणारे, तुम्ही दुपारी उन्हात निघताय म्हणून जॅकेट घरी ठेवायचा मोह होतो, घडी होणारं विंडचीटर सॅकमध्ये कायमचंच ठेवा.

रंगाबद्दल एक नक्की. काळं जॅकेट मळत नाही म्हणून घेतलं जातं आणि पहाटेच्या धुक्यात ते ट्रकवाल्याला दिसतच नाही. फ्लुरोसंट पिवळं उजेडात चमकतं पण पूर्ण अंधारात तेही पुरेसं नाही, तिथे हेडलाइट परत फेकणारी रिफ्लेक्टिव्ह पट्टीच लागते, आणि ती पाठीवर तर हवीच पण घोट्यावर पण लावा, वर-खाली हलणारी पट्टी लांबून लगेच डोळ्यात भरते आणि कोणीतरी पेडल मारतंय हे कळतं. पाठीवर सॅक असेल तर जॅकेटची पट्टी झाकली जाते, सॅकवर वेगळी लावा.

आणि धुताना, ड्रायफिट, फ्लीस, सॉफ्टशेल यातलं काहीच फॅब्रिक कंडिशनरमध्ये बुडवायचं नाही, त्याचा थर धाग्यावर बसतो आणि घाम ओढायचं काम बंद पडतं. साधी पावडर, गार पाणी, चेन लावून, उलटं करून सावलीत वाळत घाला.