वीज संस्थेची सभासद होऊन अकरा महिने: माझा अनुभव

गेल्या सप्टेंबरात मध्य टेक्सासमध्ये घर घेतलं आणि लाइटचं कनेक्शन नावावर करायला गेले. काउंटरवरच्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला. त्यावर 'ग्राहक' नव्हतं, 'सभासद' होतं. मी श्रीरामपूर तालुक्यातली. मुळा-प्रवरा या सहकारी वीज संस्थेच्या लाइटखाली अभ्यास करून दहावी झाले. अण्णा त्या संस्थेचे सभासद होते, सर्वसाधारण सभेला टोपी घालून जायचे. त्यामुळे तो शब्द वाचला आणि परक्या मुलखात गाववाला भेटल्यासारखं वाटलं.

माझ्या संस्थेचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारीही आहेत. टेक्सासमध्ये अशा साठहून अधिक वीज सहकारी संस्था आहेत. ऑस्टिनच्या आसपास घर बघणाऱ्यांनी एक लक्षात घ्या: डॅलस-ह्यूस्टनसारखी वीजविक्रेता निवडायची सोय इथे बहुतेक ठिकाणी नसते. जागा ज्या संस्थेच्या हद्दीत, लाइट तिचीच. मला आधी याचीच भीती वाटत होती. पर्याय नसला की विचारतो कोण, असं मनात होतं.

झालं उलटंच. आधी भाड्याच्या घरात असताना दर वर्षी करार करायचा, स्वस्त दर शोधायचा, आणि कराराची तारीख उलटली की बिल एकदम फुगायचं. त्या विक्रेत्याकडून मेसेज खूप यायचे, पण सगळे काही ना काही विकणारे. इथे पहिल्याच महिन्यात एक पत्र आलं: जानेवारीपासून स्थिर आकार वाढणार, किती वाढणार, आणि का. खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर महाग झालेत, त्याचा अर्ध्या पानाचा हिशोब. खाली बैठकीची तारीख, येऊन बोला म्हणून. दर वाढला तो वाढलाच, पण तीन महिने आधी कळला.

बिल दोन पानांचं असतं. आपल्याकडच्या बिलासारखेच रकाने: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, आणि इंधन समायोजन आकारासारखी एक ओळ, जी बाजारातल्या वीजखरेदीप्रमाणे खालीवर होते. ॲपवर तासातासाचा वापर दिसतो. आमचा वॉटर हीटर पहाटे चार वाजता उगाच चालू होतोय हे मला त्या आलेखावरून कळलं.

दर महिन्याला टपालाने 'टेक्सास को-ऑप पॉवर' हे मासिक येतं. ते 1944 पासून निघतंय. पाककृती, जुन्या गावांच्या गोष्टी असं बरंच काही असतं, पण मी आधी मधली पानं उघडते. ती प्रत्येक संस्थेची आपापली असतात. कुठल्या रस्त्यावरची झाडं छाटणार, कुठलं उपकेंद्र वाढवणार, संचालकपदाला कोण उभं आहे, सगळं त्यात.

उन्हाळ्यातले मेसेज मात्र मला सुरुवातीला कळेनात. 'आज चार ते सहा एसीचं तापमान थोडं वर ठेवा, ड्रायरमध्ये कपडे वाळवू नका.' लोडशेडिंग आहे की काय? फोन केला, तर तिथल्या माणसाने शांतपणे दहा मिनिटं समजावलं. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, प्रत्येक महिन्यात ज्या पंधरा मिनिटांत सगळ्या टेक्सास ग्रिडची मागणी सर्वात जास्त असते, त्या पंधरा मिनिटांतला संस्थेचा वापर मोजला जातो. चारही महिन्यांच्या सरासरीवर संस्थेने पुढच्या वर्षी मोठ्या वाहिन्यांसाठी किती पैसे भरायचे ते ठरतं. म्हणजे ऑगस्टमधल्या त्या पंधरा मिनिटांत आपण सगळ्यांनी मिळून ड्रायर बंद ठेवला, तर पुढच्या वर्षी सगळ्यांचीच बचत. हे कळल्यापासून आमच्याकडे त्या वेळात इस्त्रीसुद्धा लागत नाही. माझं म्हणणं एवढंच, की हे कारण त्या मेसेजमध्येच एका ओळीत लिहा. कारण सांगितलं की माणूस मनापासून ऐकतो.

आता वादळाची रात्र. मे महिना, रात्री नऊला गारा सुरू झाल्या आणि लाइट गेली. नऊ बाराला मेसेज आला: 'तुमच्या भागात वीज गेल्याचं आम्हाला कळलं आहे. कारण शोधतो आहोत. वेळ अजून सांगता येत नाही.' मला हे फार आवडलं. वेळ माहीत नसताना 'एक तासात येईल' म्हणणारे मी खूप पाहिलेत. अकराला दुसरा मेसेज: फीडरवर, म्हणजे भागाला वीज आणणाऱ्या मुख्य लाइनवर, झाड पडलंय, माणसं पोचलीत. नकाशावर आमचा सगळा भाग लाल दिसत होता, त्यात माणसं कुठे काम करताहेत तेही दिसत होतं. मुलगा टॉर्च घेऊन नकाशाच बघत बसला.

रात्री एक चाळीसला मेसेज आला: 'वीज पूर्ववत झाली आहे.' समोरच्या गल्लीत दिवे लागले. आमच्या गल्लीत अंधार. सात घरं. फीडर चालू झाला म्हणून सगळ्यांचा एकदम हिशोब मिटवला गेला, पण आमच्या डीपीचा डीओ, म्हणजे खांबावरचा फ्यूज, पडलेला होता आणि ते कुणाच्या ध्यानात नव्हतं. शेजारच्या म्हाताऱ्या आजींचं ऑक्सिजनचं मशिन बॅटरीवर चालू होतं. त्या मेसेजवर विश्वास ठेवून आम्ही अर्धा तास नुसते वाट बघत बसलो, तेवढा वेळ वाया गेला. मग पुन्हा तक्रार नोंदवली. पावणेचारला ट्रक आला. वायरमनने खालूनच लांब पिवळी काठी वर नेली, लोंबणारी नळी अलगद उचलून जागेवर बसवली, खट्‌ असा आवाज झाला आणि सातही घरं उजळली. जाताना त्याने आजींचं दार वाजवून मशिन चालू झालं का ते विचारलं.

दोन दिवसांनी फोनवर एक प्रश्न आला: 'तुमची वीज खरोखर आली होती का?' मी 'नाही' लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी माणसाचा फोन आला. त्याने चूक कबूल केली, सारवासारव केली नाही. पण ती पद्धत बदलली का, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. माझी मोठी तक्रार हीच. पूर्ववत झाल्याचा मेसेज पाठवण्याआधी प्रत्येक मीटरला विचारता येतं, मीटर तसे आहेत.

वसंतात संचालकांची निवडणूक झाली. घरी मतपत्रिका आली, मी पहिल्यांदा मत दिलं. शेजारची पेडर्नालेस संस्था अमेरिकेतली सर्वात मोठी वीजवितरण सहकारी संस्था. तिथल्या कारभारावरून 2007 मध्ये सभासद कोर्टात गेले, आणि त्यानंतर निवडणुका आणि बैठका खुल्या झाल्या. इथली जुनी माणसं हे अजून सांगतात. सहकाराच्या सात तत्त्वांपैकी पाचवं तत्त्व सभासदांना शिक्षण आणि माहिती देण्याचं आहे. त्यामुळे ही पत्रं, हे मेसेज म्हणजे संस्थेचे उपकार नव्हेत. ते आपलं येणं आहे. वर्षअखेरी उरलेली रक्कमही वापराच्या प्रमाणात सभासदाच्या नावे जमा होते, हातात मात्र बऱ्याच वर्षांनी पडते.

हे सगळं अण्णांना फोनवर सांगितलं. त्यांनी मला माहीत नसलेली गोष्ट सांगितली. साठच्या दशकात भारतात पाच ग्रामीण वीज संस्था प्रयोग म्हणून निघाल्या, तेव्हा सल्ला द्यायला अमेरिकेतल्या याच वीज सहकारी संस्थांच्या संघाची माणसं आली होती. त्या पाचांतली एक मुळा-प्रवरा, दुसरी बेळगावकडची हुक्केरी, जी आजही चालू आहे. मुळा-प्रवराचा परवाना 31 जानेवारी 2011 ला संपला आणि भाग महावितरणकडे गेला. अण्णांनी शेअरचा कागद अजून ट्रंकेत ठेवलाय.

"सभेत बोलू देतात का?" त्यांनी विचारलं.

"तीन मिनिटं देतात, अण्णा. आधी नाव नोंदवायचं."

"मग नोंदव. आणि रागाने बोलू नको. किती घरं, किती वाजता, ते आकडे घेऊन जा."

मंगळवारी संध्याकाळी सहाला बैठक आहे. नऊ बाराचा आणि एक चाळीसचा, दोन्ही मेसेज छापून घेतलेत. आजीही येणार आहेत.